‘मी रोबोट नाही’ची खूण करूनही फॉर्म पुढे जात नाही – उपाय हवा आहे

सीबीएस_अर्जकेंद्र

नमस्कार मंडळी. नाशिकला सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. शिष्यवृत्ती, दाखले, कॉलेज प्रवेश, भरतीचे अर्ज, असं रोजचं काम. हल्ली ‘तुम्ही माणूस आहात का’ ही पडताळणी, म्हणजे कॅप्चा, इतकी अडवते की फॉर्म भरून होतो आणि माणूस तिच्यापुढेच ताटकळत बसतो.

दुकानात तीन मशीन आहेत आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर चौकोन येतो, गोल फिरत राहतो, मग ‘पडताळणी अयशस्वी’ आणि पुन्हा तोच गोल. मधल्या मशीनवर चित्रं येतात. सिग्नल निवडा, झेब्रा क्रॉसिंग निवडा, बस निवडा. बरोबर निवडली तरी नवी चित्रं येतच राहतात. दाराजवळच्या मशीनवर तर काहीच दिसत नाही. जागा रिकामी असते आणि सबमिट दाबलं की ‘कॅप्चा पूर्ण करा’ असा लाल संदेश येतो.

परवा दिंडोरीहून एक मुलगी आली होती. शिष्यवृत्तीचा फॉर्म होता आणि मुदत संपत आलेली. माहिती भरली, उत्पन्नाचा दाखला चढवला, खाली खूण केली, हिरवी टिकसुद्धा आली. मग तिने पासबुक काढून आयएफएससी कोड एकेक अक्षर ताडून पाहिला. तेवढ्यात टिक गेली आणि ‘पडताळणीची मुदत संपली’ आलं. पुन्हा खूण केली तर चित्रांची माळ सुरू झाली. तिची गाडी सुटायची वेळ झाली आणि फॉर्म तसाच राहिला.

साइटचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच साइटवर होत नाही. कोणाला नेमकं कारण माहीत असेल तर कृपया सांगा. ‘कॅश क्लिअर करा’ हे करून झालंय.

पंचवटी_कारंजा

+१. आमच्याकडे घरच्या वायफायवर संध्याकाळी हमखास होतं, सकाळी होत नाही. वाचत आहे.

सातपूरकर

मी सातपूर एमआयडीसीत कारखान्यांच्या नेटवर्कची कामं करतो. दादा, तीन मशीनवर तीन वेगळी लक्षणं आहेत, त्यामुळे कारणंही वेगळी असणार असं धरून चला. सगळ्यांवर एकच उपाय करू नका.

आधी एक गोष्ट थांबवा. चित्रं सारखी सारखी सोडवू नका. एकाच ठिकाणाहून लागोपाठ प्रयत्न झाले की समोरच्या यंत्रणेचा संशय वाढतो आणि पुढची चित्रं आणखी अवघड येतात.

मुळात आजची पडताळणी चित्रांवर फारशी अवलंबून नाही. डिसेंबर २०१४मध्ये गूगलने तो एका टिकचा चौकोन आणला, तेव्हापासून खरी तपासणी पडद्यामागे होते. तुमचा ब्राउझर कसा वागतो, कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आहेत का, कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आलात, हे आधी बघितलं जातं आणि शंका आली तरच चित्रं पुढे येतात. त्याच्या २०१८च्या तिसऱ्या आवृत्तीत तर चित्रंच नाहीत. नुसते ० ते १ असे गुण दिले जातात, १च्या जवळ म्हणजे माणूस. क्लाउडफ्लेअर या कंपनीची टर्नस्टाइल नावाची पडताळणी २०२२मध्ये आली, तीही चित्रं देत नाही. ती ब्राउझरकडून गुपचूप काही छोटी कामं करून घेतं आणि त्यावरून ठरवतं. दुसरीकडे, २०२४मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी गूगलची ती चित्रांची परीक्षा संगणकाकडून शंभर टक्के सोडवून दाखवली. त्यामुळे ‘चित्रं बरोबर निवडली तरी का अडवलं’ याचं उत्तर बहुतेक वेळा चित्रांच्या बाहेर असतं.

आता एवढं करून सांगा:

जे मशीन अडतंय ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडा आणि तीच साइट उघडा. चाललं तर दोष दुकानाच्या इंटरनेटकडे आहे. नाही चाललं तर दोष मशीनमध्ये आहे. मग तीच साइट इन्कॉग्निटो विंडोत उघडा. तिथे एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) सहसा बंद असतात. तिथे चाललं तर एखादं एक्सटेन्शन किंवा जुनी कुकी आडवी येतेय. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुटलं ते कळणारच नाही.

आणि चौकोनाच्या खाली बारीक अक्षरांत एखादा आकडा येतो का तेही बघा.

सीबीएस_अर्जकेंद्र

सातपूरकर दादा, मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं.

कोपऱ्यातलं मशीन हॉटस्पॉटवरही चाललं नाही, इन्कॉग्निटोतही नाही. चौकोनाखाली २००१०० असा आकडा येतो. मधलं मशीन हॉटस्पॉटवरही चित्रंच देतं, पण इन्कॉग्निटोत एकदम पास झालं. दाराजवळच्या मशीनवर इन्कॉग्निटोत चौकोन दिसायला लागला.

सातपूरकर

उत्तम, तुम्ही अर्धं काम केलंत.

कोपऱ्यातलं मशीन: टर्नस्टाइलच्या कागदपत्रांत २००१०० हा आकडा घड्याळ किंवा कॅशच्या गडबडीसाठी आहे. कॅश तुम्ही साफ केलीच आहे, तेव्हा घड्याळ बघू. मॉनिटरवरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळते का हे पाहून थांबू नका, टाइम झोन बघा.

टाइम झोनवर लोकांची नजर जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. समजा झोन अमेरिकेच्या पॅसिफिकवर राहिला आहे आणि कोणीतरी हाताने सकाळचे अकरा लावून ठेवले. दिसायला वेळ बरोबर. पण मशीनच्या मते ते पॅसिफिकचे अकरा आहेत, म्हणजे जागतिक वेळेनुसार ते खऱ्या वेळेच्या साडेबारा-साडेतेरा तास पुढे गेलं. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र काही आठवडे-महिने चालणारं असतं, त्याला एवढा फरक खपतो, म्हणून पान बिनतक्रार उघडतं. पडताळणी पास झाल्यावर ब्राउझरला मिळणारी डिजिटल पावती (टोकन) मात्र मिनिटांच्या हिशेबाने चालते. तिला हे मशीन उद्यातून आल्यासारखं दिसतं आणि ती नाकारते. साइट उघडते म्हणून घड्याळाचा कोणाला संशयच येत नाही.

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘डेट अँड टाइम’. झोनमध्ये ‘यूटीसी +०५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ निवडा, ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा.

मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. सीआर २०३२ म्हणून मागा, शालिमारला घड्याळाच्या दुकानातही मिळेल. सेल बदलेपर्यंत सकाळी मशीन सुरू केल्यावर आधी वेळ सिंक होऊ द्या, मगच ब्राउझर उघडा.

मधलं मशीन: एक्सटेन्शनची यादी काढा. फुकट व्हीपीएन आहे का त्यात? असेल तर तेच कारण. हॉटस्पॉट लावला तरी व्हीपीएन तुम्हाला स्वतःच्याच पत्त्यावरून बाहेर काढतो आणि त्या पत्त्यावरून हजारो अनोळखी लोक, त्यांत बॉटही (माणसाऐवजी आपोआप चालणारे प्रोग्राम), आलेले असतात.

दाराजवळचं: जाहिराती अडवणारं एक्सटेन्शन. पडताळणीचा चौकोन त्या साइटचा नसतो, तो दुसऱ्या पत्त्यावरून येतो. गूगलचा असेल तर गूगल आणि जीस्टॅटिकवरून, टर्नस्टाइल असेल तर चॅलेंजेस डॉट क्लाउडफ्लेअर डॉट कॉमवरून. ब्लॉकरने ते पत्ते अडवले की जागा रिकामीच राहणार. ब्लॉकर सगळीकडे बंद करायची गरज नाही, त्या साइटपुरता बंद करा.

शिवाय त्या मुलीच्या बाबतीत जे झालं ते मशीनचं नव्हतंच. गूगलची टिक मिळाल्यावर तिची पावती दोन मिनिटंच चालते. टर्नस्टाइलची पाच मिनिटं. त्यामुळे आयएफएससी, आधार, जन्मतारीख, अपलोड, सगळं तपासून झालं की मग खूण करा आणि लगेच सबमिट. दुकानात प्रत्येक मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवून ठेवा: खूण सर्वांत शेवटी.

गोदाकाठ

शेवटची ओळ सोन्यासारखी आहे. बऱ्याच साइटवर चौकोन पानाच्या मध्ये असतो, लोक वरून खाली भरत येतात आणि वाटेत टिक करून मोकळे होतात.

लासलगाव_बाजार

माझी अडचण जरा वेगळी आहे, इथेच विचारतो. वडिलांसाठी मोबाइलवर एक सरकारी उतारा काढायचा असतो. तिथे चौकोन नाही, वेडीवाकडी अक्षरं आणि आकडे येतात, ते बघून टाइप करायचे. दिसतं तेच टाइप करतो, तरी ‘अवैध कॅप्चा’. वडिलांच्या फोनवर ही चूक येते, माझ्या फोनवर येत नाही. दोघांचं सिम एकाच कंपनीचं.

गोदाकाठ

लासलगाव भाऊ, वडिलांच्या फोनचा कीबोर्ड मराठीवर आहे का? काही कीबोर्ड मराठी भाषेत असताना आकडेही देवनागरीत टाकतात. आपल्याला तो नऊच दिसतो, पण यूनिकोडमध्ये देवनागरी नऊ आणि इंग्रजी नऊ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. साइटच्या सर्व्हरला इंग्रजी हवं असतं, तो देवनागरी नाकारतो. ‘अवैध’ म्हणतो, कारण सांगत नाही.

ते नसेल तर आणखी दोन गोष्टी बघा. खान्यात पहिलं अक्षर कीबोर्ड आपोआप मोठं करतो. कॅप्चात छोटं असेल आणि साइट लहान-मोठ्यात फरक करत असेल तर चुकलंच. दुसरं म्हणजे कीबोर्डने सुचवलेल्या शब्दावर बोट गेलं की शेवटी एक स्पेस चिकटतो. तो डोळ्यांना दिसत नाही. खान्याच्या टोकाला जाऊन एकदा बॅकस्पेस मारून बघा.

शून्य की ओ, एक की एल, असा प्रश्न पडला तर अंदाज करत बसू नका. शेजारच्या गोल बाणाने नवीन चित्र मागवा आणि असं चित्र येईपर्यंत बदला की ज्यात ही अक्षरं नाहीत.

लासलगाव_बाजार

कीबोर्डच होता. स्पेस बारवर दाबून इंग्रजी केलं आणि पहिल्या फटक्यात उतारा निघाला. बाजार समितीत असाच त्रास असलेले बरेच शेतकरी आहेत, त्यांना दाखवतो. ते बिचारे समजत होते की साइट बंद आहे आणि उताऱ्यासाठी पैसे मोजून केंद्रावर जात होते.

गंगापूररोड_नेट

वर पंचवटी_कारंजा यांनी ‘संध्याकाळी होतं, सकाळी नाही’ असं लिहिलंय त्याबद्दल. हे घरगुती ब्रॉडबँडवर फार दिसतं.

आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण साधारण ४३० कोटी. आशिया-पॅसिफिकसाठीचा साठा २०११च्या एप्रिलमध्येच तळाला गेला. त्यामुळे मोबाइल कंपन्या आणि गल्लीतले केबल-इंटरनेटवाले एकाच बाहेरच्या पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे अख्ख्या चाळीला मिळून एकच पोस्टाची पेटी. त्या पेटीवरून कोणा एकाच्या व्हायरस लागलेल्या मशीनने घाण टाकली की सगळ्यांकडेच संशयाने पाहिलं जातं. संध्याकाळी सगळे घरी येतात, वापर वाढतो आणि पत्ता बिघडतो.

ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यामध्ये सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा २०१२मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला.

उपाय दोन. ऑपरेटरला आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू करायला सांगा. पुष्कळांकडे असतं, पण कधीकधी ग्राहकाने विचारल्याशिवाय राउटरमध्ये चालू करत नाहीत. आयपीव्ही६वर तुमचा पत्ता शेजाऱ्याशी वाटून घ्यावा लागत नाही. दुकान असेल तर स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागा, त्याचे थोडे जास्त पैसे पडतात. मोबाइल डेटावर अडलं तर विमान मोड चालू-बंद करून बघा, पुष्कळदा नवा पत्ता मिळतो.

आणि एक कळकळीची विनंती. ‘तुमचं इंटरनेट शेअर करा आणि पैसे कमवा’ अशी ॲप फोनमध्ये टाकू नका. तुमच्या पत्त्यावरून दुसरेच लोक काय करतात हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि पडताळणी अडणं हा त्यातला सर्वांत छोटा तोटा आहे.

पंचवटी_कारंजा

बघितलं. १००.८०ने सुरू होतो. ऑपरेटरला फोन केला तर आधी ‘राउटर रीस्टार्ट करा’ म्हणाला. आयपीव्ही६ म्हटल्यावर वरच्या माणसाला दिला, त्याने लगेच करून देतो म्हणून सांगितलं.

कॉलेजरोड_विद्यार्थिनी

सगळ्यांनी हे कृपया लक्ष देऊन वाचा. पडताळणी अडते म्हणून लोक आता काहीही सांगितलेलं करायला तयार झालेत आणि त्याचाच गैरफायदा घेतला जातोय.

माझ्या मैत्रिणीने नोट्स शोधताना एक साइट उघडली. हुबेहूब तसाच चौकोन, ‘मी रोबोट नाही’. टिक केल्यावर पायऱ्या आल्या: विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तिने एंटर मारायच्या आधी मला विचारलं म्हणून वाचली. टिक करतानाच त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. विंडोज-आरने ‘रन’ची खिडकी उघडते, कंट्रोल-व्हीने ती आज्ञा तिथे पडते आणि एंटर मारलं की स्वतःच्या हाताने आपण मालवेअर चालवतो. याला क्लिकफिक्स म्हणतात, २०२४पासून फार पसरलंय. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी चोरणारी लुमासारखी मालवेअर या वाटेने आत येतात.

कोणतीही खरी पडताळणी ब्राउझरच्या बाहेर जायला सांगत नाही. विंडोज-आरसारखी कीबोर्डची बटणं दाबायला सांगत नाही, फाइल उतरवायला सांगत नाही, ओटीपी मागत नाही. ‘माणूस असाल तर अलाऊ दाबा’ असं म्हणून नोटिफिकेशनची परवानगी मागितली तर तेही खोटं. त्याने नंतर दिवसभर घाणेरड्या जाहिराती येतात.

कोणी एंटर मारून बसलं असेल तर आधी त्या मशीनचं इंटरनेट तोडा. दुसऱ्या फोनवरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३०वर फोन करा, किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवा.

सीबीएस_अर्जकेंद्र

ताई, हे वाचून दुकानातल्या दोन्ही मुलांना बोलावून दाखवलं. दुकानात लोकांचे आधार आणि पासबुक उघडे असतात, तिथे असं काही झालं तर आमच्यावर विश्वास ठेवून आलेल्या माणसाचं नुकसान. खूप आभार.

अंबड_युनिट

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. आमचं अंबडला छोटं युनिट आहे, साइटवर चौकशीचा फॉर्म आहे. स्पॅम फार यायचं म्हणून डेव्हलपरने टर्नस्टाइल बसवलं. आता ग्राहकांचे फोन येतात की फॉर्म जात नाही. मी स्वतः उघडतो तेव्हा कधी चालतं, कधी नाही. डेव्हलपर म्हणतो त्याच्याकडे चालतंय.

सातपूरकर

दादा, बरं झालं विचारलंत. ग्राहक कितीही घड्याळं दुरुस्त करोत, साइटच चुकीची बांधली असेल तर त्यांच्या हातात काही नसतं.

ब्राउझरच्या कन्सोलमध्ये आकडा बघा. ११०२०० आला तर ज्या पत्त्यावर पान उघडलंय तो डोमेन टर्नस्टाइलच्या यादीत नाही. डेव्हलपरच्या चाचणीचा पत्ता यादीत असतो आणि खऱ्या साइटचा राहून जातो, हे नेहमीचं. ३०० किंवा ६००ने सुरू होणारे आकडे आले तर पडताळणी ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये अडली.

‘कधी चालतं, कधी नाही’ यावरून मला मात्र दुसरीच शंका येते. तुमच्या फॉर्ममध्ये मोबाइल नंबर चुकला तर ‘नंबर तपासा’ असं येतं ना? त्या पहिल्या सबमिटला पावती वापरली जाते. पावती एकदाच चालते. ग्राहक नंबर दुरुस्त करून पुन्हा पाठवतो तेव्हा तीच जुनी पावती जाते आणि सर्व्हर ‘टाइमआउट-ऑर-डुप्लिकेट’ म्हणून परत पाठवतो. डेव्हलपर चाचणी घेताना नंबर चुकवत नाही, म्हणून त्याच्याकडे चालतं. फॉर्म परत आला की चौकोन रीसेट करून नवी पावती घ्यायला सांगा. खूण ग्राहकाला दिसतेय आणि पावती मेलेली आहे, हे सगळ्यांत वाईट. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

वर्डप्रेस असेल तर वेग वाढवणाऱ्या प्लगइनमध्ये ‘डिले जावास्क्रिप्ट’ चालू आहे का बघा. त्यातून टर्नस्टाइलची स्क्रिप्ट वगळा.

आणि चौकशीच्या फॉर्मला एवढा बंदोबस्त लागतो का, याचाही विचार करा. एक लपवलेला खाना ठेवायचा, माणसाला तो दिसत नाही म्हणून तो भरत नाही, बॉट भरतो. जोडीला एका पत्त्यावरून मिनिटाला ठरावीकच अर्ज घ्यायचे. छोट्या साइटचं स्पॅम यानेच खूप कमी होतं. ग्राहकाला हाकलून स्पॅम थांबवण्यात अर्थ नाही.

श्रवण_वाचक

मी अंध आहे, नाशिकरोडला राहतो, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम) वापरून वाचतो आणि लिहितो. चर्चा चांगली चालली आहे. माझ्या बाजूचं सांगतो.

चित्रांची परीक्षा मला देताच येत नाही. मी हेडफोनचं चिन्ह शोधून आवाजाची परीक्षा घेतो. आवाज खरखरीत, इंग्रजी, मागे गोंगाट, आणि त्याच वेळी माझा स्क्रीन रीडर त्यावर बोलत असतो. ते जमलं तरी कित्येकदा तिथेच ‘तुमच्या संगणकावरून किंवा नेटवर्कवरून आपोआप विनंत्या येत आहेत, नंतर प्रयत्न करा’ असा संदेश येतो आणि आवाजाची वाटच बंद होते. डोळस माणसाला निदान चित्रं उरतात. मला काहीच उरत नाही. शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते, आणि बँकेचं पान उघडं असताना कोणाला हाक मारायची?

सरकारी साइटवरच्या वेड्यावाकड्या अक्षरांना काही ठिकाणी आवाजाचं बटण आहे, काही ठिकाणी नाही. काही ठिकाणी बटण आहे पण त्याला नाव दिलेलं नाही, त्यामुळे स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण’ म्हणतो.

साइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीचं डब्ल्यूसीएजी २.२ हे मानक ऑक्टोबर २०२३मध्ये आलं. लॉगिन करताना कोडी सोडवणं किंवा अक्षरं ओळखून उतरवणं हा एकमेव मार्ग ठेवू नये, असं त्यात आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५च्या निकालात डिजिटल केवायसी अपंग व्यक्तींना करता येईल अशी करा म्हणून निर्देश दिले आणि डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा तक्रार लिहिताना ‘कृपा करून’ लिहायची गरज नाही. हक्क म्हणून लिहा.

सातपूरकर, लपवलेल्या खान्याबद्दल एक महत्त्वाचं. तो नुसता पडद्याबाहेर ढकलला तर तुम्हाला दिसत नाही, पण माझा स्क्रीन रीडर तो वाचतो. ‘नाव’ असं ऐकू आलं की मी तो प्रामाणिकपणे भरतो आणि तुमची साइट मला बॉट ठरवते.

सातपूरकर

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अंबड दादा, लपवलेल्या खान्याला ‘आरिया-हिडन’ (aria-hidden) आणि ‘टॅबइंडेक्स उणे एक’ लावायला सांगा, म्हणजे स्क्रीन रीडर आणि टॅब दोन्ही तिथे थांबणार नाहीत. ऑटोफिलही बंद करा, नाहीतर ब्राउझरच तो भरून टाकेल.

सीबीएस_अर्जकेंद्र

दुकानाची हकिकत. कोपऱ्यातल्या मशीनचा झोन खरंच अमेरिकेचा निघाला. मुलगा रोज सकाळी भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ लावायचा. झोन बदलला, सेल बदलला, आता चालतंय. मधल्या मशीनवर फुकट व्हीपीएन होता, कोणी टाकला देव जाणे, काढला. दाराजवळचा ब्लॉकर त्या साइटपुरता बंद केला. दिंडोरीच्या मुलीला फोन करून बोलावलं, मुदतीत तिचा फॉर्म गेला.

एक राहिलंय. मधल्या मशीनवर दुपारी गर्दीच्या वेळी अजून चित्रं येतात, पूर्वीइतकी नाहीत. त्याचं काय करू?

गंगापूररोड_नेट

तुमच्या दुकानात एकाच पत्त्यावरून दिवसभर एकाच साइटवर वेगवेगळ्या लोकांचे अर्ज जातात. यंत्रणेला ते बॉटसारखंच दिसणार, तुमचा त्यात दोष नाही. स्टॅटिक आयपी घ्या, निदान शेजाऱ्यांचा भार तुमच्यावर येणार नाही. प्रत्येक ग्राहकासाठी ब्राउझरचं नवं गेस्ट विंडो उघडा, म्हणजे आधीच्या माणसाचं लॉगिन आणि कुकी राहत नाहीत. सुरक्षिततेसाठीही ते हवंच. अर्ज अर्धा भरल्यावर वायफायवरून हॉटस्पॉटवर उडी मारू नका. आणि पूर्ण पानच अडवणारी पडताळणी आली तर तळाशी ‘रे आयडी’ म्हणून अक्षर-आकड्यांची ओळ असते, तिचा फोटो काढून वेळेसह त्या साइटच्या हेल्पडेस्कला पाठवा. त्या आयडीवरून त्यांना नेमका कोणता नियम आडवा आला ते सापडतं. नुसतं ‘साइट चालत नाही’ असं लिहिलं तर ते काही शोधू शकत नाहीत.

अंबड_युनिट

डेव्हलपरला धागा दाखवला. पावतीचंच कारण होतं, नंबर चुकवून पाठवलं की दुसऱ्यांदा जातच नव्हतं. आता टर्नस्टाइल काढून लपवलेला खाना लावलाय, सांगितलं तसं आरिया-हिडन आणि टॅबइंडेक्स लावून. खाली फोन नंबरही दिलाय. श्रवण_वाचक, तुम्हाला वेळ असेल तर एकदा बघाल का? दुवा व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.

श्रवण_वाचक

आत्ताच पाहिला. लपवलेला खाना कुठे ऐकू आला नाही, टॅबही तिथे थांबला नाही, फॉर्म पहिल्याच वेळी गेला. मोबाइल नंबरच्या खान्याला मात्र लेबल नाही, स्क्रीन रीडर नुसतं ‘एडिट’ म्हणतो. तेवढं लावा. आणि नंबर चुकल्यावर येणारा संदेश फक्त लाल रंगात दिसतो, ऐकू येत नाही. त्याला ‘रोल अलर्ट’ द्यायला सांगा. झालं की कळवा, पुन्हा तपासून सांगतो.